आवाच्या तुरुंगातला मोन सरदार

पंधराव्या शतकातल्या ब्रह्मदेशातल्या स्मिन बायानची गोष्ट सांगायची तर सुरुवात तुरुंगापासूनच करावी लागते, कारण त्याआधी तो राजाधिराज नावाच्या मोन राजाच्या फौजेतल्या अनेक सरदारांपैकी एक होता, शूर होता, घोड्यावर पक्का होता, पण त्याच्यापेक्षा मोठी नावं त्या फौजेत होती. तो खरा चमकला तो शत्रूच्या कैदेत गेल्यावर. आणि मला हाच माणूस एवढा का आवडला तर त्याने कैदेत बसून जो सौदा केला तो भल्याभल्या मुत्सद्द्यांना जमला नसता.

साल साधारण १४१४. जागा आवा, म्हणजे इरावती आणि म्यितंगे नद्यांच्या संगमावरची बर्मी राजधानी, आपले लोकमान्य ज्या मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं होते तिथून फार लांब नाही, वीसेक किलोमीटर. शहराला चिनी फौजेचा वेढा पडलाय. आणि चिनी सेनापतीकडून निरोप येतो की उगाच इतकी माणसं कशाला मारायची, आमचा एक घोडेस्वार आणि तुमचा एक घोडेस्वार यांची झुंज होऊ दे, आमचा हरला तर आम्ही परत जातो, तुमचा हरला तर आमच्या मागण्या मान्य करा. राजा मिनखाउंग गावभर दवंडी पिटतो. अर्धं राज्य देतो, मुलगी देतो, कोण लढतंय? कोणी पुढे येत नाही. अख्ख्या आवात एक माणूस उठत नाही. आणि मग तुरुंगात बेड्या घालून ठेवलेला एक मोन कैदी पहारेकऱ्याला म्हणतो, मी जातो.

आता हा मोन कैदी तिथे काय करत होता हे कळायला थोडं मागे जावं लागेल, कंटाळू नका, मी पटकन सांगते. ब्रह्मदेश म्हटलं की आपल्याला टिळक आठवतात, फार तर रत्नागिरीचा थिबा राजवाडा, त्यामुळे सगळे बर्मी लोक एकच असं आपण धरून चालतो. पण पंधराव्या शतकात तिथे निदान दोन मोठी राज्यं एकमेकांच्या उरावर बसली होती. वरच्या कोरड्या भागात आवा, बर्मी लोकांचं. खाली इरावतीच्या मुखाजवळ, समुद्राकाठी हंसावती, राजधानी पेगू (आजचं बागो), मोन लोकांचं. मोन हे त्या भागातले जुने लोक, त्यांची भाषा बर्मीशी नात्याने जवळ नाही, उलट ख्मेरच्या कुळातली आहे, आणि बर्मी लिपी ही मोन लिपीवरून आलीय असं बरेच जण मानतात. व्यापार, बंदरं, भात, सगळं खाली मोन मुलखात. वरच्या राजांना समुद्र पाहिजे होता, खालच्यांना तो द्यायचा नव्हता, एवढंच काय ते कारण.

यातून जे युद्ध पेटलं ते १३८५ ते १४२४, मधे मधे तह करून, लग्नं करून, शपथा घेऊन आणि त्या मोडून, चाळीस वर्षं चाललं. इतिहासात नावच चाळीस वर्षांचं युद्ध. सुरुवात कशी झाली तर पेगूचा नवा राजा वयाने सोळा वर्षांचा, बापाशी भांडून डागोनला (म्हणजे आजच्या यांगूनला) पळून गेलेला, १३८४ मध्ये बाप मेल्यावर गादीवर आला, आणि त्याच्या काकाला ते सहन झालं नाही. म्यांउंगम्याच्या त्या काकाने थेट आवाच्या राजाला पत्र पाठवलं की या, पेगू घ्या, मी मदत करतो. घरातला माणूस बाहेरच्याला बोलावतो, ही तर आपल्याला पाठ असलेली गोष्ट आहे. पण पोरगा सगळ्यांना पुरून उरला. त्याने काकाला हरवलं, मार्तबान जिंकलं, तिन्ही मोन प्रांत एका छत्राखाली आणले आणि राजाधिराज या नावाने गाजला. बर्मी लोक त्याचा उच्चार राझादरित असा करतात.

हा राजाधिराज देवमाणूस वगैरे अजिबात नव्हता हे सांगून टाकते. एकदम हुशार, आणि तितकाच संशयी. स्वतःच्या लहान मुलाला त्याने मारवलं, का तर उद्या मोठा होऊन गादीवर हक्क सांगेल. राजाधिराजाची मोन बखर (ही सगळी गोष्ट तिच्यातलीच, ती कोणी लिहिली ते शेवटी सांगते) म्हणते की त्या पोराने मरताना शपथ घेतली, मी निर्दोष असेन तर आवाच्या राजघराण्यात पुन्हा जन्मेन आणि या राजाशी लढेन. आणि लगेच पुढचं प्रकरण काय, तर तिकडे आवाच्या घराण्यातल्या मिनखाउंगच्या (तो तेव्हा अजून राजा झाला नव्हता) बायकोला, शिन मी-नाउकला, डोहाळे लागतात, आणि तेही कसले तर खालच्या मोन मुलखातलं काहीबाही खायचे! तिला जो मुलगा झाला तो मिनये-चॉस्वा, जन्म १३९१, आणि हाच पुढे पेगूचा कर्दनकाळ ठरला. डोहाळ्यांचं मला खरंखोटं करायचं नाही, पण दोन्ही बाजूंच्या लोकांना हे युद्ध घरातल्या भांडणासारखं वाटत होतं हे त्यावरून कळतं. पुढे १४०७-०८ ला मिनखाउंग पेगूवर चालून गेला, सपाटून हरला, आणि पळताना ही शिन मी-नाउक राणीच शत्रूच्या हाती लागली. राजाधिराजाने तिला आपल्या राणीवशात घातलं. म्हणजे मिनये-चॉस्वा सोळा-सतरा वर्षांचा असताना त्याची आई शत्रूच्या घरात. त्यानंतरच्या सात वर्षांत त्या पोराने जे केलं त्याला रागाशिवाय दुसरं कारण शोधायची गरजच नाही.

तर स्मिन बायान याच पोराच्या हाती सापडला. कथेप्रमाणे लढाईत त्याचा हत्ती दलदलीत रुतला. इरावतीचा तो मुखाकडचा मुलूख म्हणजे नुसत्या खाड्या, नाले, भातखाचरं आणि चिखल, तिथे हत्ती एकदा बसला की बसला. लढाया व्हायच्या त्याही पावसाळा संपल्यावर, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, बाकीच्या महिन्यांत कोण कुठे जाणार. सैन्य नावांतून यायचं, लाकडी तटबंदीच्या छावण्या ठोकायचे, वेढा घालायचे, आणि पाऊस जवळ आला की अर्धवट काम टाकून घरी. शेतकऱ्यांचं सैन्य होतं ना, पेरणीला पोचायलाच पाहिजे. सरदारांना रोख पगार नसायचा, गावाचं उत्पन्न तोडून दिलेलं असायचं, राजाची मर्जी फिरली की गाव गेलं. म्हणजे पराक्रम दाखवणं हीच नोकरी टिकवण्याची एकमेव सोय.

आणि राजाधिराजाच्या पदरी पराक्रम दाखवणाऱ्यांची रांगच होती. लगुन एइनची गोष्ट तर मी वाचताना दोनदा वाचली. हा गडी रात्री मिनखाउंगच्या छावणीत शिरतो, पहारे चुकवतो, थेट राजाच्या बिछान्यापर्यंत पोचतो, राजा गाढ झोपलाय. गळा चिरायचा आणि युद्ध संपवायचं, एवढंच बाकी. पण त्याला वाटतं झोपलेल्या राजाला मारणं बरोबर नाही. म्हणून तो राजाची माणकं जडवलेली तलवार आणि पानदान उचलतो आणि परत येतो! म्हणजे सकाळी मिनखाउंग उठल्यावर त्याला कळावं की काल रात्री मी जिवंत राहिलो ते कोणाच्या तरी मर्जीवर. दुसरा एक, ए मुंदया नावाचा, वेढलेल्या गावात निरोप पोचवायला आधी फितुराचं सोंग घेऊन शत्रूच्या छावणीत जातो, मग तिथून गावात सटकतो, आणि बाहेर येताना मेल्याचं सोंग घेऊन तराफ्यावर आडवा होतो, सोबत रडणाऱ्या बायका. शत्रूने प्रेत समजून जाऊ दिलं. खरं किती, मीठमसाला किती, देव जाणे, पण अशा फौजेत नाव कमवायचं म्हणजे काय स्पर्धा असेल विचार करा. स्मिन बायान तिथे साधासुधा घोडेस्वार सरदार. तिथे राहिला असता तर कदाचित एखाद्या ओळीत संपला असता.

आता चिनी कुठून आले? याचं उत्तर गमतीदार आहे. आवाच्या उत्तरेला शान लोकांची छोटी छोटी राज्यं होती, त्यातलं सेनवी महत्त्वाचं, चीनच्या युनान प्रांताच्या रस्त्यावरचं. मिनये-चॉस्वा खाली मोन मुलूख धुवून काढत होता तेव्हा राजाधिराजाने सेनवीच्या राजाला सोनं पाठवलं की तुम्ही वरून आवावर हल्ला करा म्हणजे याला मागे जावं लागेल. सेनवीच्या मागे मिंग चीन. म्हणजे स्मिन बायान ज्या चिनी पैलवानाशी लढायला निघाला, त्या भांडणाची काडी त्याच्या स्वतःच्या राजाने टाकली होती. कथेत ही बाब कोणी ठळकपणे सांगत नाही, मला मात्र सगळं नाट्य इथेच दिसतं.

कारण मग प्रश्न येतो, हा माणूस शत्रूसाठी का लढला? कथा त्याच्याच तोंडून हिशोब मांडते. आवा पडलं तर चिनी इथेच थांबतील का? पुढचा नंबर हंसावतीचा. मग आपल्याच घरावर येणारं संकट इथे अडवलं तर चूक काय. एकदम थंड डोक्याचा हिशोब, देशप्रेमाची भाषणं नाहीत. आणि राजाने अर्धं राज्य आणि मुलगी देऊ केली तर हा म्हणतो मला काही नको, जिंकलो तर सोडा आणि घरी जाऊ द्या. मिनखाउंगला ते परवडणारं नव्हतं, असा माणूस परत राजाधिराजाकडे गेला तर उद्या आपल्याच छाताडावर बसेल. तेव्हा लग्न लावून इथेच बांधून ठेवायचं हे राजाने मनात धरलेलं.

आता झुंजीचा सीन. हा मी थोडा सावकाश सांगते कारण यात बखरीच्या लेखकाने खरंच काम केलंय, नुसती आरडाओरड नाही. आधी घोडा. राजाच्या पागेतले एकेक घोडे स्मिन बायान तपासतो, पाठीवर हात ठेवून दाबतो, घोडा खचला की पुढचा. सगळे नापास. शेवटी गावातल्या एका विधवेचं एक घोडं मिळतं, तरणं, आणि ते दाबल्यावर खचत नाही. राजाच्या पागेत नाही आणि विधवेच्या दारात आहे, हा टोमणा सहज मारून गेलाय लेखक. मग तो आणखी दोन वस्तू मागतो, एक लोखंडी आकडा आणि एक टोपली. दरबाराला कळत नाही, लढाईला टोपली कशाला? ती तो खोगिराला लटकवतो.

समोरचा चिनी वीर, बखरीच्या थाई आवृत्तीत (तीही पुढे येईल) त्याचं नाव कामनी, नखशिखांत चिलखतात. भाला कुठे मारायचा? स्मिन बायान लगेच भिडत नाही. तो म्हणतो आपण दोघं नामांकित आहोत, सगळे बघायला जमलेत, तर आधी भाल्याचे हात दाखवू, मी करतो तसे तू कर, मग लढू. कामनीला यात काही वावगं वाटत नाही. आणि तो हात उंचावतो, वळतो, वाकतो, तेव्हा याला दिसतं की चिलखताच्या पत्र्यांना काखेत फट आहे, आणि मागे शिरस्त्राण संपतं तिथे मानेवर फट आहे. बस्स, एवढंच पाहिजे होतं. मग झुंज सुरू होते आणि हा पळत सुटतो. पळतो, वळसे घेतो, पुन्हा पळतो, चिनी घोडा जड चिलखताच्या ओझ्याने दमायला लागतो, तोंडाला फेस, आणि मग एकदम वळून काखेत भाला. मागे मानेवर तलवार. मुंडकं जमिनीवर पडायच्या आत आकड्याने ओढून टोपलीत. टोपली त्यासाठी होती!

मला यातलं काखेतल्या फटीचं बारकाईने लिहिलेलं फार आवडतं. पट्ट्यापट्ट्यांच्या चिलखताला सांध्यांपाशी फट राहणारच, हात हलायला नको का, आणि हे लिहिणाऱ्याने ते बघितलेलं असणार. पण बाकी सीन किती खरा? थाई कथेत तर चीनचा बादशहा स्वतः आवाच्या वेशीवर येऊन झुंज बघतो. हे शक्यच नाही. त्या वेळी मिंगचा बादशहा युंगलो, आणि १४१४ ला तो स्वतः उत्तरेत मंगोलियात ओइरात टोळ्यांशी लढत होता. शिवाय त्याची मोठी फौज व्हिएतनाममध्ये अडकलेली. आवा आणि सेनवीचं युद्ध झालं, युनानकडून सेनवीला कुमक आली, हे मला पटतं. वेशीवर कुठली चकमक झाली असेल आणि त्यात एखादा मोन स्वार चमकला असेल तर तेवढं पुरे आहे. बाकी बखर ती बखर. आपल्याकडच्या बखरींची सवय असलेल्या माणसाला यात काही धक्का बसायचं कारण नाही, आकडे फुगतात, संवाद रंगतात, पण कोण कोणाशी का लढला हे बहुतेक वेळा धरून असतं.

तर थाई कथेत पुढे बादशहाच्या सरदारांना वाटतं की आता सरळ हल्ला करू, शहर दमलंय. बादशहा म्हणतो नाही, शब्द दिलाय, चला परत. आणि खरंच फौज परत जाते. ही ओळ लक्षात ठेवा, कारण सगळी कथा याच गोष्टीवर फिरते, शब्द दिला की दिला.

मग लग्न. मिनखाउंग मुलगी देतो, युवराजपद देतो, आणि स्मिन बायान मान्य करायच्या आधी एकच अट घालतो. मी तुमच्या पदरी राहीन, पण मला कोणी कधी कैदी म्हणायचं नाही. ज्या दिवशी कोणी तो शब्द उच्चारेल त्या दिवशी मी गेलो. राजा तशी आज्ञा काढतो, सगळ्या दरबाराला ताकीद. मला ही अट पहिल्यांदा वाचली तेव्हा बालिश वाटली होती, एका शब्दाचा एवढा काय इगो? मग जरा विचार केल्यावर लक्षात आलं की त्याने निसटायची सोय ठेवून सही केलीय. युवराजपद घेतलं, पण करार मोडायची चावी स्वतःच्या खिशात. असल्या मोठ्या दरबारात, जिथे सगळ्यांना त्याचा मत्सर वाटणार, तिथे कधी ना कधी कोणीतरी बोलणारच. तो फक्त थांबला.

आणि बोललं कोण, तर स्वतः राजा. मुलगा झाला, नातू रांगायला लागला, एकदा राजाच्या सिंहासनाशी जाऊन चढायला लागला, आणि आजोबा कौतुकाने म्हणून गेला, हे कैद्याचं पोर भारीच धीट आहे. बस्स. कौतुकात बोलला, शिवी नव्हती. स्मिन बायान त्याच रात्री घोड्यावर बसतो आणि दक्षिणेला निघतो. बायको झोपलेली, पोर झोपलेलं. पेगूला पोचतो.

इथे मला दुसरा एक कैदी आठवतो, आणि दोघांना शेजारी ठेवल्याशिवाय स्मिन बायान नीट दिसत नाही असं मला वाटतं. मार्च १४१५, दलाजवळ, म्हणजे आजच्या यांगूनच्या नदीपलीकडे. मिनये-चॉस्वा लढाईत जखमी होऊन हत्तीवरून पडतो आणि राजाधिराजाच्या हाती लागतो. वय जेमतेम चोवीस. राजाधिराज, ज्याच्या घरात याची आई आहे, तो याला माणसासारखं वागवायला तयार आहे, शपथ घे, माझा हो, वाचशील. पोरगा म्हणतो नाही. त्याच रात्री मेला. राजाधिराजाने त्याला राजाला शोभेल असा अग्नी दिला. दोन कैदी, दोन बाजूंचे, दोघेही त्या युद्धातले मोठे लढवय्ये. एकाने मान झुकवायला नकार दिला आणि मेला. दुसऱ्याने मान झुकवली, पण किती झुकवायची ते स्वतः ठरवलं, आणि जिवंत घरी पोचला. लोक गाणी पहिल्यावर करतात. माझं मत विचाराल तर दुसऱ्याचं काम जास्त अवघड होतं.

मिनये-चॉस्वा गेल्यावर आवाचा दमच गेला. पुढे चकमकी होत राहिल्या, पण तो जोर नाही. १४२१ ला राजाधिराज रानात हत्ती पकडताना जखमी होऊन मेला, मिनखाउंगही त्याच सुमारास गेला. दोन्ही बाजूंची ही पिढी आगेमागे संपली, मग काय, युद्धही विझलं.

आता ही गोष्ट आपल्यापर्यंत आली कशी? लिहिली कोणी? इथे मला खरं तर सगळ्यात जास्त मजा आली. राजाधिराजाच्या मोन बखरीचं बर्मी रूप केलं ते बिन्न्या दला नावाच्या माणसाने, सोळाव्या शतकात, म्हणजे या घटनांनंतर दीडशे वर्षांनी. आणि हा कोण? स्वतः मोन, स्वतः सेनापती, आणि नोकरी कोणाची तर बर्मी सम्राट बायिन्नाउंगची! तोपर्यंत हंसावती संपलेली, तौंगूच्या बर्मी राजांनी पेगू जिंकून तिथेच राजधानी थाटलेली, आणि बिन्न्या दला त्या राजाच्या अगदी आतल्या गोटातला. त्याने एके ठिकाणी लिहिलंय की आम्ही राजाची निवडलेली माणसं, शान असो, मोन असो, बर्मी असो, सगळेच त्याच्यासाठी जीव द्यायला तयार होतो. ही ओळ वाचली आणि स्मिन बायानची कथा मला वेगळीच दिसायला लागली. बर्मी राजासाठी लढणारा मोन सरदार, बदल्यात फक्त शब्द पाळा म्हणणारा, ही गोष्ट त्याला रंगवून सांगावीशी वाटणारच ना? चिनी शब्द पाळतात, सरदार शब्द पाळतो, चुकतो तो राजा, तेही एका लाडाच्या वाक्यात. असं लिहायला हिंमत लागते, आपलाच राजा समोर बसलेला असताना.

आणि त्याच्या राजाने काय केलं? लान झांग, म्हणजे आजचा लाओस, तिथे बिन्न्या दलाला मोहिमेवर पाठवलं, मोहीम फसली, आणि १५७३ ला बायिन्नाउंगने या जुन्या माणसाला हद्दपार केलं, सयाममधल्या (आजच्या थायलंडमधल्या) कांफेंग फेटला. वर्षभरात तो तिथेच वारला. इतक्या वर्षांची चाकरी, इतक्या लढाया, आणि शेवट असा. त्याच्याकडे स्मिन बायानसारखी अट लिहून घेतलेली नव्हती.

सयामवरून आठवलं, ही कथा खरी जिवंत ठेवली ती थाई लोकांनी. १७८५ मध्ये सयामचा राजा पहिला राम याच्या आज्ञेने चाओफ्राया फ्रा खलांग (होन) याने राजाधिराजाची ही बखर थाईत आणली. त्याच वर्षी बर्म्यांच्या नऊ फौजा सयामवर चालून आलेल्या! सयाममध्ये तेव्हा मोन वस्ती भरपूर होती, पेगू पडल्यावर पळून आलेल्यांची, आणि बर्म्यांविरुद्ध लढणाऱ्या थाई फौजेतही मोन पलटणी होत्या. त्यामुळे बर्म्यांना पाणी पाजणाऱ्या मोन सरदारांची पोथी त्यांना हवीच होती. गंमत एवढीच की त्यातला सगळ्यात गाजलेला प्रसंग बर्मी राजधानी वाचवण्याचा आहे. थाईत आपला नायक समिंग फ्रा राम होतो, आणि हाच प्रसंग आज तिथल्या सातवीच्या मराठी, सॉरी, थाई भाषेच्या पुस्तकात आहे (आपल्या सातवीच्या धड्यांसारखं, खाली प्रश्न, पात्राचे गुण सांगा, वगैरे). यूट्यूबवर शोधलंत तर थाई शाळांच्या गॅदरिंगमध्ये पुठ्ठ्याचे घोडे कमरेला बांधून मुलं ही झुंज करतात ते सापडेल, भाषा कळली नाही तरी टोपली आली की कळतं.

धड्यात विचारतात, समिंग फ्रा राम निष्ठावान होता का. उत्तर बहुधा हो असं लिहायचं असणार, आपल्या राजाला निष्ठावान राहिला, संधी मिळताच परत गेला. मला ते उत्तर अर्धवट वाटतं. तो राजाला नाही, स्वतःच्या अटीला निष्ठावान राहिला. आणि त्या अटीत बायकोचं नाव कुठेच नव्हतं. आवाच्या त्या राजकन्येला कोणी विचारलंच नाही, आधी बक्षीस म्हणून दिली, मग तिचा नवरा तिच्या बापाच्या एका शब्दावर उठून गेला, आणि कथा त्याच्या घोड्यामागे धावत पेगूला जाते, तिच्याकडे वळून बघत नाही. अशा लग्नांचा त्या दोन घराण्यांत नुसता बाजार होता. शिन मी-नाउकची गोष्ट वर आलीच.

पण एक मोन राजकन्या होती जिने हा खेळ उलटवला, आणि ती राजाधिराजाचीच मुलगी, शिन सॉबू. बापाच्या मरणानंतर भावांच्या भांडणात तिला १४२३ ला तहाची वस्तू म्हणून आवाला पाठवलं, राजाची राणी केली. तो राजा दोन वर्षांत मेला. मग १४३० च्या सुमारास तीही आवातून निसटली, स्मिन बायानच्याच वाटेने दक्षिणेला, पण घोड्यावर नाही, नावेतून, तिला शिकवणाऱ्या दोन मोन भिक्षूंच्या मदतीने. पेगूला पोचली आणि थांबली. पुढे १४५४ च्या आसपास गादीवरचे पुरुष वारस संपल्यावर स्वतः राणी झाली, नुसती कोणाची राणी नाही, राज्य करणारी, आणि ब्रह्मदेशाच्या मोठ्या राज्यांत अशी ती एकटीच. यांगूनच्या श्वेडागोन पॅगोड्याला स्वतःच्या वजनाइतकं सोनं दिलं असं सांगतात. आणि वारस म्हणून निवडलं कोणाला, तर तिला आवातून पळून यायला मदत करणाऱ्या त्या दोन भिक्षूंपैकी एकाला. चीवर उतरवायला लावून, आपली मुलगी देऊन, जावई करून घेतलं. तोच धम्मझेदी, हंसावतीचा बहुधा सगळ्यात चांगला राजा.

तिच्यावर वेगळी पोस्ट लिहायला पाहिजे, लिहीन.